मानमोडीचें वर्ष

आमच्या भाषेंत रोगांचीं नांवें दोन प्रकारचीं आढळतात. कांहीं वैद्यांनीं ग्रंथांतून दिलेलीं, तर कांहीं रोग्यांनीं अंथरुणावर पडल्यापडल्या ठेवलेलीं. सन १९१८ च्या इन्फ्लुएंझास महाराष्ट्रानें दिलेलें 'मानमोडी' हें नांव दुसऱ्या प्रकारचें होय. हुडहुडी भरून ताप चढावा, डोकें दगडासारखें जड व्हावें, मान सरळ धरवूं नये आणि पाठीकमरेचा एकेक सांधा कुणी ठेचून काढल्याप्रमाणें दुखावा, हा सगळा अनुभव त्या चार अक्षरांत आला आहे. 'इन्फ्लुएंझा' हा शब्द मूळचा इटालियन. ग्रहताऱ्यांच्या प्रभावानें ही व्याधि उद्भवते अशी तिकडील जुनी समजूत होती, ती त्या शब्दांत राहून गेली. तिकडच्या लोकांनीं नांव ठेवतांना आकाशाकडे पाहिलें, आमच्या लोकांनीं रोग्याकडे पाहिलें. आणि रोग ओळखण्याच्या कामीं आमचेंच नांव अधिक उपयोगी आहे, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

या नांवाची आठवण आज करून देण्याचें कारण असें कीं, ज्या आपत्तीनें महाराष्ट्रांतील घराघरांतून माणसें नेलीं, तिचा आपल्या लिखित स्मृतींत फारसा मागमूस नाहीं. सन १८९६ सालीं मुंबईंत आलेला प्लेग आपणांस पाठ आहे. पुण्यांतील घरझडत्या, १८९७ च्या जून महिन्यांत झालेला रँडचा वध, चाफेकर बंधूंचें फांसावर जाणें, प्लेगच्या रोग्यांची सेवा करीत असतां सावित्रीबाई फुले यांस आलेलें मरण, हें सर्व शाळेंतल्या मुलांसहि ठाऊक असतें. परंतु प्लेगानें हिंदुस्थानांत वीस-बावीस वर्षांत जितके बळी घेतले, त्यांहून अधिक इन्फ्लुएंझानें १९१८ सालच्या शेवटच्या तीन-चार महिन्यांत घेतले, हें किती जणांस माहीत आहे? प्लेगाच्या कथेंत जुलूम होता, प्रतिकार होता, हुतात्मे होते. मानमोडीच्या कथेंत यांपैकीं कांहींच नव्हतें. ती आली, माणसें अंथरुणावर पडलीं, कांहीं उठलीं, कांहीं उठलीं नाहींत, आणि उरलेलीं शेतावर व गिरणींत परत गेलीं. असल्या मरणाचा पोवाडा होत नाहीं. म्हणूनच ती हकीकत मुद्दाम सांगणें अवश्य आहे. कारण तो रोग कांहीं जगांतून गेलेला नाहीं. दर पावसाळ्यांत तो आपल्या दारावरून जात असतो.

या साथीस जगभर 'स्पॅनिश' हें विशेषण चिकटलें, तो मात्र स्पेनवर अन्याय आहे. मार्च १९१८ मध्यें अमेरिकेंतील कॅन्सस संस्थानांतल्या फन्स्टन नांवाच्या लष्करी छावणींत तापाचे रोगी एकाएकीं शेंकड्यांनीं इस्पितळांत येऊं लागले. त्या वर्षाच्या अगदीं आरंभींच्या नोंदींपैकीं ही एक होय. पहिलें महायुद्ध तेव्हां ऐन भरांत होतें. शत्रूस आपल्या फौजेचें दुखणें कळूं नये म्हणून लढणाऱ्या राष्ट्रांनीं वृत्तपत्रांच्या तोंडास कुलूप घातलें होतें. स्पेन युद्धांत तटस्थ असल्यामुळें तेथील पत्रें मोकळेपणीं लिहीत. मे महिन्यांत खुद्द राजा तेरावा अल्फान्सो आजारी पडल्याची बातमी जगभर गेली, आणि ज्यानें खरें सांगितलें त्याच्याच नांवावर रोग लागला. साथीच्या इतिहासांत हा प्रकार वारंवार घडतो. आणि त्याचा परिणाम असा होतो कीं, पुढच्या खेपेस खरें सांगण्यास कोणी लवकर धजत नाहीं.

मुंबईंत हा रोग समुद्रमार्गें आला. मे महिन्याच्या अखेरीस युद्धावरील सैनिकांना घेऊन जहाजें बंदरांत येत होतीं. जूनच्या १० तारखेस पोलिसांतील सात शिपाई तापानें इस्पितळांत दाखल झाले. त्यांपैकीं एक गोदीवर नेमलेला होता. ताप होता, पण हिंवताप नव्हता. पुढच्या दिवसांत आगबोटींच्या कचेऱ्या, पोर्ट ट्रस्ट, बँका, टांकसाळ आणि गिरण्या अशा एकामागून एक ठिकाणीं माणसें पडूं लागलीं. म्युनिसिपालिटीचे आरोग्याधिकारी डॉ. टर्नर यांनीं आपल्या अहवालांत या रोगास रात्रीं चोरपावलांनीं घरांत शिरणाऱ्या चोराची उपमा दिली आहे. रोग जहाजावरून उतरला, असें टर्नर यांचें मत होतें. वरिष्ठ सरकारी वर्तुळांत मात्र शहराच्या घाणीकडे बोट दाखविण्याकडे कल होता. दोन्ही गोष्टींत कांहीं तथ्य होतें. ठिणगी बाहेरून आली हें खरें. पण तिला गवताची गंजी आम्हींच तयार ठेवली होती.

या पहिल्या लाटेंत मुंबईंत सुमारें १६०० माणसें अधिक मेलीं. एवढ्या मोठ्या शहरांत हा आंकडा फारसा भयंकर वाटला नाहीं. बहुतेक रोगी तीन दिवस तापानें तळमळून चौथ्या दिवशीं उठून बसले. जुलैंत साथ ओसरली आणि 'तीन दिवसांचा ताप' म्हणून लोकांनीं तिची गणना किरकोळ दुखण्यांत केली. येथेंच पहिली चूक झाली. सप्टेंबरांत तोच रोग परत आला, तो वेगळ्या स्वभावाचा होऊन आला. आतां ताप उतरल्यासारखा होऊन पुन्हां चढे, छातींत कळ येई, श्वास जलद होई, रक्तमिश्रित थुंकी पडे, आणि ओठ व नखें निळसर होऊं लागलीं म्हणजे जाणत्या डॉक्टरांस पुढचें कळून चुके. ऑक्टोबरच्या ६ तारखेस एकट्या मुंबई शहरांत एका दिवसांत ७६८ मृत्यूंची नोंद झाली.

इन्फ्लुएंझा एरवीं दुबळ्यांचा रोग. तो तान्ह्या मुलांस आणि म्हाताऱ्यांस गांठतो. या वर्षीं मात्र त्यानें वीस ते चाळीस या वयांतील धडधाकट माणसें वेंचून नेलीं. असें कां झालें याची निरनिराळी कारणें शास्त्रज्ञ देतात. तरुण शरीराचा प्रतिकारच इतका प्रखर झाला कीं त्यानें स्वतःचीं फुप्फुसें जाळलीं, असें कांहीं म्हणतात. त्या पिढीस लहानपणीं भेटलेला इन्फ्लुएंझा निराळ्या जातीचा असल्यामुळें तिला या नव्या जातीशीं झुंजण्याचा सराव नव्हता, असें दुसऱ्यांचें मत आहे. पण ज्या घरांत दोन लहान मुलें मागें ठेवून आईबाप एका आठवड्यांत गेले, त्या घरास कारणांचा काय उपयोग? मानमोडीचें खरें भीषणत्व या अनाथ झालेल्या मुलांत होतें, आणि त्यांची मोजदाद कोणीं केली नाहीं.

आतां त्या गवताच्या गंजीकडे वळूं. १९१८ चा पाऊस या देशाच्या पर्जन्यमानाच्या इतिहासांत अत्यंत वाईट पावसांपैकीं एक होता. दख्खनेंत खरीप करपलें, रब्बीची पेरणी धड झाली नाहीं, चारा महागला, युद्धामुळें आधींच चढलेले धान्याचे भाव आणखी भडकले. कामाच्या आशेनें खेड्यांतील माणसें मुंबईस आलीं आणि जेथें एका खोलींत एक कुटुंब कसेंबसें राही, तेथें दोन राहूं लागलीं. सरकारी डॉक्टरांपैकीं पुष्कळ जण लष्कराबरोबर मेसोपोटेमियांत व इतरत्र गेलेले. अशा शहरांत रोगानें कोणास किती गांठलें, याचे आंकडे सरकारी अहवालांत आहेत, आणि ते प्रत्येक सुशिक्षित कुटुंबानें एकदां तरी वाचावे असे आहेत. मुंबई शहरांत या साथींत दर हजारीं मृत्यूंचें प्रमाण युरोपियनांत ८.३, पारशांत ९, इतर हिंदूंत १८.९, मुसलमानांत १९.२, आणि ज्यांस त्या अहवालानें 'खालच्या जातीचे हिंदु' म्हटलें त्यांच्यांत ६१.६ असें होतें.

या पांच आंकड्यांवर किती तरी पानें लिहितां येतील. रोगजंतूस जात कळत नाहीं, धर्म कळत नाहीं, कातडीचा रंगहि कळत नाहीं. त्याला कळतात त्या गोष्टी निराळ्या: खोलीला खिडकी आहे कीं नाहीं, पोटांत अन्न आहे कीं नाहीं, आजाऱ्याला चार दिवस निजून राहण्याची मुभा आहे कीं दुसऱ्या दिवशीं कामावर न गेल्यास चूल विझणार आहे, आणि तो निजला असतां त्याला पाणी देणारें कोणी उभें आहे कीं नाहीं. ८.३ आणि ६१.६ यांमधील अंतर औषधाचें नव्हतें, कारण औषध कोणापाशींच नव्हतें. तें अंतर खिडकीचें, अन्नाचें आणि पाण्याच्या पेल्याचें होतें.

दुसरी एक विषमता घराच्या आंत होती. जगांतील बहुतेक देशांत या साथींत पुरुष अधिक मेले. हिंदुस्थानांत स्त्रिया अधिक मेल्या. कारण शोधण्यास दूर जावयास नको. घरांत कोणीहि आजारी पडलें तरी उशाशीं बसावयाची ती बाईनें, रात्रभर जागावयाचें तिनें, सर्वांचीं जेवणें उरकल्यावर उरलें तें खावयाचें तिनें, आणि स्वतःच्या अंगांत ताप असतांहि चूल पेटवावयाची ती तिनेंच. गरोदर बायकांस तर हा रोग काळच ठरला. सेवा करणारीची सेवा कोण करणार, हा प्रश्न त्या वर्षीं आमच्या समाजानें विचारलाच नाहीं, आणि त्याचें उत्तर स्मशानांत मिळालें.

शहरांतून रोग आगगाडीनें निघाला. टपालाचे व रेल्वेचे नोकर, सुटीवर जाणारे शिपाई, आणि मुंबईंत घाबरून गांवची वाट धरणारे गिरणीकामगार यांच्याबरोबर तो दख्खन, गुजराथ, वऱ्हाड, मध्यप्रांत असा पसरत उत्तरेस व पूर्वेस गेला. मुंबई इलाख्यांत सुमारें दहा लक्ष माणसें मेलीं. मध्यप्रांत व वऱ्हाडची स्थिति लोकसंख्येच्या मानानें याहूनहि वाईट झाली. कांहीं ठिकाणीं सरपण पुरेना म्हणून प्रेतें नदींत सोडलीं गेलीं आणि नद्यांचीं पात्रें तुंबलीं, असें सरकारी अहवालांतच नमूद आहे. हिंदी कवि निराला यांची तरुण पत्नी याच साथींत गेली. गंगेंत तरंगणाऱ्या प्रेतांचें जें दृश्य त्यांनीं पाहिलें, तें त्यांच्या 'कुल्ली भाट' या पुस्तकांत आलें आहे. सबंध हिंदुस्थानांतील मृतांची संख्या निरनिराळे अभ्यासक एक कोटि वीस लक्षांपासून एक कोटि ऐंशी लक्षांपर्यंत धरतात. आजच्या भारताच्या सीमांत १९११ सालीं २५ कोटि २१ लक्ष माणसें होतीं. १९२१ च्या खानेसुमारींत तीं २५ कोटि १३ लक्ष भरलीं. दहा वर्षांत लोकसंख्या वाढण्याऐवजीं घटली, असें आमच्या खानेसुमारीच्या इतिहासांत या एकदांच घडलें.

सरकारनें काय केलें? प्लेगाच्या वेळीं सरकारनें नको तेवढें केलें होतें. घरांत शिरून माणसें ओढून नेलीं होतीं. इन्फ्लुएंझाच्या वेळीं तें बव्हंशीं हात बांधून बसलें. पत्रकें निघालीं, सूचना सुटल्या. आणि ज्या सूचना होत्या त्या कांहीं वाईट नव्हत्या. गर्दी टाळा, उघड्या हवेंत निजा, पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यानें गुळण्या करा, ताप येतांच अंथरूण धरा, असें त्यांत सांगितलें होतें. परंतु ज्याला वाचतां येत नाहीं, ज्याच्यापाशीं अंथरूणच नाहीं, त्याला पत्रकाचा काय आधार? ती उणीव समाजानें भरून काढली. ना. म. जोशी यांनीं १९११ सालीं मुंबईंत स्थापिलेल्या सोशल सर्व्हिस लीगचे व निरनिराळ्या जातींच्या संस्थांचे स्वयंसेवक चाळीचाळींतून औषध, दूध व कांबळीं घेऊन हिंडले. तात्पुरतीं इस्पितळें उघडलीं. हे बहुतेक तरुण विद्यार्थी, कारकून, शिक्षक असे मध्यम स्थितींतील होते. रोग संसर्गजन्य आहे हें त्यांना ठाऊक होतें, आणि तरीहि ते त्या खोल्यांत शिरले. आमच्या मतें त्या वर्षाच्या काळोखांत अभिमानानें दाखवावी अशी जर कांहीं गोष्ट असेल तर ती हीच.

त्यांच्या हातांत औषध म्हणण्यासारखें जवळजवळ कांहीं नव्हतें. क्विनाइन या तापावर चालत नाहीं. अॅस्पिरिननें वेदना कमी होई, रोग जात नसे. मग त्यांनीं काय दिलें? पाणी दिलें, दूध दिलें, पेज दिली, अंगावर पांघरूण घातलें, खिडकी उघडली, आणि माणसास उठूं दिलें नाहीं. हें क्षुल्लक दिसतें. पण इन्फ्लुएंझांत शरीर आपला बचाव आपणच करीत असतें, आणि त्याला हवा असतो तो अवकाश. ज्या खोलींत सर्वच्या सर्व माणसें एकाच दिवशीं पडलीं, तेथें कांहीं जण रोगापेक्षां तहानेनें व उपासानें दगावले.

या म्हणण्यास पॅसिफिक महासागरांतील सामोआ बेटांची साक्ष काढतां येईल. नोव्हेंबर १९१८ च्या ७ तारखेस ऑकलंडहून 'तालून' नांवाची आगबोट पश्चिम सामोआच्या बंदरास लागली. तिच्यावर रोगी असतांहि ती अडविली गेली नाहीं. दोन महिन्यांच्या आंत त्या बेटांतील सुमारें पांचवा हिस्सा माणसें मेलीं. सबंध गांवेंच आजारी पडल्यामुळें शेतांतून अन्न आणावयास व शिजवावयास कोणी उरलें नव्हतें. शेजारच्या, अमेरिकेच्या ताब्यांतील सामोआंत अधिकाऱ्यांनीं व गांवच्या मुखियांनीं मिळून जहाजांवर कडक पहारा ठेवला. तेथें या साथीनें एकहि माणूस मेलें नाहीं. तेव्हां रोग दाराबाहेर आहे तोंवर दार लावणें, आणि तो आंत आल्यावर आजाऱ्याचें दार न सोडणें, या दोन्ही गोष्टी सारख्याच महत्त्वाच्या आहेत. एकीला भित्रेपणा म्हणूं नये व दुसरीला अविचार म्हणूं नये.

त्या वेळच्या डॉक्टरांस शत्रु कोण हेंच ठाऊक नव्हतें. १८९२ सालीं फायफर या जर्मन शास्त्रज्ञानें रोग्यांच्या घशांत एक जंतु पाहून त्यावर इन्फ्लुएंझाचा आरोप ठेवला होता, आणि १९१८ त बहुतेक लसी त्याच समजुतीवर तयार झाल्या. तो जंतु निर्दोष नव्हता, पण मुख्य आरोपी तो नव्हे. १९३३ सालीं लंडन येथें विल्सन स्मिथ, अँड्र्यूज व लेडलॉ या तिघांनीं रोग्याच्या घशांतील द्रव, जंतु अडवून धरणाऱ्या बारीक गाळणींतून गाळून, फेरेट नांवाच्या मुंगसासारख्या प्राण्याच्या नाकांत घातला. फेरेटास ताप आला, तो शिंकूं लागला, आणि गाळणींतूनहि पार होणारा इतका सूक्ष्म विषाणु हाच इन्फ्लुएंझाचें कारण होय, हें सिद्ध झालें. मौजेची गोष्ट अशी कीं, फायफरचा जंतु वेगळा काढण्याची युक्ति म्हणून ज्या बुरशीचा उपयोग फ्लेमिंगनें १९२९ च्या आपल्या प्रसिद्ध लेखांत सुचविला, तिच्यांतूनच पुढें पेनिसिलिन मिळालें. चुकीच्या आरोपीचा शोध करतां करतां लक्षावधि माणसें वांचविणारें औषध हातीं लागलें. पुढें जतन करून ठेवलेल्या फुप्फुसांच्या तुकड्यांतून व अलास्कांतील गोठलेल्या जमिनींत पुरलेल्या एका प्रेतांतून १९१८ च्या विषाणूचे अवशेष काढून शास्त्रज्ञांनीं २००५ पर्यंत त्याची सारी रचना वाचली. तो 'एच-१ एन-१' या वर्गांतला होता. त्या वर्षाचे मृत्यु बहुतांशीं विषाणूनें वाट मोकळी केल्यावर फुप्फुसांत शिरलेल्या इतर जंतूंच्या न्यूमोनियानें झाले, हेंहि आतां मान्य झालें आहे.

हा विषाणु बहुरूपी आहे. दर वर्षीं तो वेष थोडाथोडा बदलतो, आणि मधूनमधून साराच वेष टाकून नवा घेतो. १९५७ सालीं तो नव्या रूपानें जहाजांतून मद्रासेस उतरला, १९६८ सालीं हाँगकाँगहून निघाला, आणि २००९ सालीं डुकरांतील विषाणूशीं संकर पावून 'स्वाइन फ्लू' या नांवानें आला. त्या वर्षीं ऑगस्टच्या ३ तारखेस पुण्यांतील एक शाळकरी मुलगी दगावली. त्या साथींतील भारतांतला तो पहिला मृत्यु. पुण्यांत शाळा बंद झाल्या, इस्पितळापुढें रांगा लागल्या, औषधांच्या दुकानांतील मुखपट्ट्या संपल्या. घाबरलेल्या शहरास नव्वद वर्षांपूर्वींची मानमोडी आठवत नव्हती. आठवत असती तर भीति कमी व शहाणपण अधिक झालें असतें. म्हणून तें शहाणपण येथें थोडक्यांत नमूद करणें आम्हांस आमचें कर्तव्य वाटतें.

पहिली गोष्ट ओळखण्याची. पडसें हळूहळू येतें. नाक वाहतें, शिंका येतात, पण माणूस हिंडताफिरता राहतो. इन्फ्लुएंझा एकाएकीं झडप घालतो. सकाळीं बरा असलेला माणूस दुपारीं हुडहुडीनें पडतो. ताप चांगलाच चढतो, डोकें व अंग ठणकतें, कोरडा खोकला येतो, घसा दुखतो, अन्नावरची वासना जाते. लहान मुलांस ओकाऱ्या व जुलाबहि होतात. संसर्ग झाल्यापासून एक ते चार दिवसांत हीं लक्षणें दिसतात. आणि लक्षणें दिसण्याच्या आदल्या दिवसापासून पुढें पांच-सात दिवस रोगी दुसऱ्यास रोग देऊं शकतो. बहुतेकांचा ताप तीन ते पांच दिवसांत उतरतो. परंतु धाप लागणें, छातींत दुखणें, ओठ निळे पडणें, भ्रम होणें, मुलानें पाणी पिण्याचें सोडणें, अथवा उतरलेला ताप पुन्हां चढून खोकला वाढणें, यांपैकीं एकहि चिन्ह दिसल्यास घरगुती उपचारांत वेळ न दवडतां इस्पितळ गांठावें. १९१८ च्या ऑक्टोबरांत हींच चिन्हें होतीं. फरक एवढाच कीं, तेव्हां इस्पितळांत गेल्यावरहि उपाय नव्हता. आज प्राणवायु आहे, न्यूमोनियावर प्रतिजैविकें आहेत.

दुसरी गोष्ट प्रतिबंधाची. हा रोग खोकल्याशिंकेच्या तुषारांनीं व हातांनीं पसरतो. म्हणून खोकतांना रुमाल अथवा कोपर तोंडाशीं धरावें, हात साबणानें धुवावे, खिडक्या उघड्या ठेवाव्या. ताप असलेल्या मुलास 'परीक्षा बुडेल' म्हणून शाळेंत पाठविणें अथवा स्वतः 'रजा शिल्लक नाहीं' म्हणून कचेरींत जाणें, हा आपल्या वर्गाचा नेहमींचा दोष आहे. औषधावांचून ताप उतरून एक दिवस लोटेपर्यंत घराबाहेर न पडणें हा शेजाऱ्यांवरचा उपकार नसून त्यांचें देणें आहे. विषाणु वेष बदलतो म्हणून लसहि दर वर्षीं नवी घ्यावी लागते. आपल्याकडे या रोगाचा जोर पावसाळ्यांत असतो, हिंवाळ्यांतहि तो डोकावतो. तेव्हां पावसाळ्यापूर्वीं लस टोंचून घेणें सोयीचें. गरोदर स्त्रिया, वृद्ध, सहा महिन्यांवरील लहान मुलें, आणि दमा, मधुमेह वा हृद्रोग असलेलीं माणसें यांनीं याविषयीं डॉक्टरांस अवश्य विचारावें. लसीनें रोग अजिबात होत नाहीं असें नव्हे. पण झालाच तर तो जिवावर बेतण्याची भीति पुष्कळ कमी होते.

तिसरी गोष्ट उपचाराची. विश्रांति, भरपूर पाणी व पातळ अन्न, तापावर पॅरासिटामॉल, हा पाया. मुलांस या तापांत अॅस्पिरिन देऊं नये. त्यानें क्वचित् यकृतास व मेंदूस भयंकर इजा होते. विषाणूवर चालणारें ओसेल्टामिव्हिर हें औषध १९९९ पासून उपलब्ध आहे. तें पहिल्या दोन दिवसांत सुरू केल्यास उत्तम, म्हणून ज्यांस धोका अधिक त्यांनीं वाट पाहत बसूं नये. साध्या फ्लूवर प्रतिजैविकें मागून घेणें निरर्थक आहे. विषाणूवर त्यांचा कांहीं परिणाम होत नाहीं.

आणि चौथी गोष्ट, जी कोणत्याहि पत्रकांत सहसा नसते, ती शुश्रूषा करणाऱ्याची. घरांत आजाऱ्यापाशीं एकानेंच जावें, तोंडास मुखपट्टी लावावी, आजाऱ्यास खिडकीजवळ निजवावें. आणि जी बाई अथवा जो पुरुष हें काम करील त्याला इतरांनीं आधीं जेवूं घालावें, पाळीपाळीनें झोंप घेऊं द्यावी, आणि त्याच्या अंगांत कणकण आली कीं दुसऱ्यानें जागा घ्यावी. १९१८ सालीं आमच्या आज्या-पणज्यांस ही सवलत कोणीं दिली नाहीं. त्याचप्रमाणें, आपल्या घरीं येणारी मोलकरीण ताप आल्यावर चार दिवस आली नाहीं तर तिचा पगार कापूं नये. तो कापला तर ती तापांतच येईल. आणि मग ६१.६ व ८.३ यांमधील जो दरा त्या वर्षीं दिसला, तो आपल्याच स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पुन्हां उघडेल.

असो. नवा इन्फ्लुएंझा केव्हां येईल हें कोणी सांगूं शकत नाहीं. तो येणार हें मात्र सर्व सांगतात. त्या वेळीं आपल्यापाशीं लस असेल, औषध असेल, प्राणवायु असेल. परंतु ज्या गोष्टीवांचून मानमोडीच्या सालीं माणसें गेलीं, ती शेजारच्या खोलींतून पाण्याचा पेला घेऊन येणारी व्यक्ति, कोणत्याहि प्रयोगशाळेंत तयार होत नाहीं. तिची तरतूद आधींपासून, साथ नसतांना, आपल्या चाळींत, वाड्यांत व गल्लींत करून ठेवावी लागते. ज्यांचीं नांवें कोठेंच नोंदलीं गेलीं नाहींत अशा त्या लक्षावधि मृतांस याहून अधिक उचित असें स्मारक आम्हांस सुचत नाहीं.